उन्हाळी परसबाग : माती वाफशावर, तारीख उन्हावर अन् जागा पाण्यावर ठरवा

वडगाव रासाई (ता. शिरूर) : भीमेच्या काठावर उभं राहिलं की अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड आणि दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर ऊस. एवढी बागायत असूनही बऱ्याच घरांत भाजी मात्र आठवडे बाजारातूनच येते. उन्हाळ्यात भाव चढले की परसबागेची आठवण होते. मग मार्चच्या अखेरीला कोणीतरी भेंडी-काकडीची पाकिटं आणतं, घरामागं टोकतं, रोज पाणी घालतं. रोपं वाढतात, फुलं येतात अन् गळून जातात. मे महिन्यात पाणी आटलं की बागही संपते. दोष बियाण्याला दिला जातो. पण बहुतेक वेळा चूक तारखेची असते, नाहीतर मातीची.

उन्हाळी परसबागेचं गणित तीन गोष्टींवर उभं आहे. मे महिन्यात घरी किती पाणी उरणार, त्यावरून जागा ठरवायची. माती वाफशावर असतानाच हलवायची. आणि पेरणीची तारीख कडक उन्हापासून मागे मोजत यायची. या तिन्ही गोष्टींचा तपशील खाली दिला आहे.

जागा किती घ्यावी?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार सूचनांत मोठ्या माणसाला दिवसाला पालेभाज्या धरून ४०० ग्रॅम भाजीपाला सांगितला आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज साधारण २ किलो. एवढं वाचून सगळेच एक गुंठा आखायला निघतात. थांबा, आधी पाणी मोजा.

एक चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. एप्रिल-मे महिन्यात वाढलेलं पीक आणि तापलेली माती मिळून चौरस मीटरला रोज साधारण ५ ते ७ लिटर पाणी लागतं. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. त्याला रोज २५० ते ३५० लिटर पाणी हवं. घरी रोजचा एकच २०० लिटरचा बॅरल सुटत असेल तर ३० ते ३५ चौरस मीटरच्या पुढे जाऊ नये. पाचटाचं आच्छादन आणि ठिबक केलं तर तेवढ्याच पाण्यात थोडी जास्त जागा भिजते. उसातून काढलेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या घरी पडलेल्या असतात. त्या साफ करून स्टँडवर ठेवलेल्या बॅरलला जोडल्या तरी काम भागतं.

हिशेब फेब्रुवारीच्या पाण्यावर करू नका. तालुक्यात कुठे चासकमानचं आवर्तन, कुठे घोडचं, कुठे नदी, कुठे बोअर. मे महिन्यात यातलं हमखास काय मिळेल तेच धरा.

पाणी कोणतं वापरायचं?

रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुणे शहराचं सांडपाणीही तिच्यासोबत येतं. संगमाच्या खालच्या अंगाला नदीचं पाणी उसाला चालतं म्हणून कोथिंबिरीलाही चालेल असं नाही. कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी, टोमॅटो आपण कच्चे खातो. यांना विहिरीचं किंवा नळाचं पाणी द्या. नदीचं पाणी देण्याशिवाय मार्गच नसेल तर ते वेलभाज्यांच्या बुडाशी द्या, पानांवर किंवा फळांवर उडू देऊ नका. वेल मांडवावर चढवला तर फळ मातीला टेकत नाही. भाजी शिजवूनच खा.

घरातलं भांडी धुतलेलं आणि अंघोळीचं पाणी वाळू-खडीच्या छोट्या गाळणातून सोडलं तर फळझाडांना आणि वेलांना चालतं. कपड्यांच्या पावडरचं पाणी मात्र बागेत सोडू नये. त्यात सोडियम जास्त असतो. काळ्या मातीला तो घट्ट करतो.

आपली माती ओळखा

नदीकाठचा पोयटा, माळाची मुरमाड आणि खोल काळी अशा तिन्ही माती या भागात सापडतात. घराच्या मागची जमीन मात्र चौथीच असते. बांधकामाच्या वेळी तिथे सिमेंट कालवलेलं असतं, विटांचे तुकडे गाडलेले असतात, ट्रॅक्टर उभा राहून जमीन दबलेली असते. अशा ठिकाणी आधी वरचा थर, खडे आणि चुना काढून टाका. एक फूट खोल खणा आणि पोयट्याची माती भरा.

मातीची काही लक्षणं डोळ्यांनी कळतात.

– वरती पांढरा थर दिसतो : जमीन खारवट झाली आहे. पाणी जास्त अन् निचरा कमी, हे मूळ कारण.
– ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी, पाणी तासन् तास साचतं : चोपण. अशा जमिनीचा सामू सहसा ८.५ च्या वर असतो.
– कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या : लोक याला केवडा पडला म्हणतात. चुनखडीच्या जमिनीत लोह पिकाला मिळत नाही, तेव्हा असं होतं.

भाजीपाल्याला ६.५ ते ७.५ सामू चांगला. ८ पर्यंत भरपूर सेंद्रिय खत घालून निभावतं. नक्की आकडा हवा असेल तर माती परीक्षण करून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून सुरू आहे. नमुना कसा द्यायचा ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. नमुना घेताना ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. आतली माती बाहेर टाकून खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत चकती काढा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. उकिरड्याजवळची, झाडाखालची, बांधालगतची माती घेऊ नका.

चोपण निघाली तर जिप्सम अहवालात सांगितलं असेल तेवढंच टाकावं. त्यासोबत निचऱ्याची चारी काढावीच लागते, नाहीतर जिप्समचा उपयोग होत नाही. पावसाळ्यात धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडला तर जमीन हळूहळू सुधारते. पण यंदाच्या उन्हाळ्यापुरतं अशा जागेशी झगडत बसण्यापेक्षा चांगली माती भरलेले उंच वाफे किंवा गोण्या वापरलेल्या बऱ्या.

राख टाकायची की नाही?

चुलीची राख परसबागेत टाकायची ही जुनी रीत. ज्या मुलखात माती आंबट आहे तिथे ती बरोबर आहे. इथली काळी माती आधीच विम्लतेकडे झुकलेली असते आणि राख सामू आणखी वाढवते. रोज घमेलंभर राख एकाच वाफ्यात ओतली तर दोन-तीन वर्षांत तिथे केवडा दिसू लागतो. काकडी-भोपळ्याच्या कोवळ्या पानांवर लाल भुंगे आले तर चिमूटभर राख सकाळी धुरळायला हरकत नाही. उरलेली राख कंपोस्टच्या खड्ड्यात थोडी थोडी जाऊ द्या.

माती कशी तयार करायची?

१) आधी पाणी, मग कुदळ. कोरड्या काळ्या जमिनीत कुदळ मारली तर ढेकळं निघतात, ओल्या जमिनीत मारली तर चिखलाचे गोळे होतात. ते वाळले की महिनाभर फुटत नाहीत. म्हणून जागा आखून एक भरपूर पाणी द्या आणि वाफशाची वाट पाहा. हलक्या जमिनीत दोन-तीन दिवस, भारी जमिनीत पाच-सात दिवस लागतात.

२) वाफशाची मूठ. चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलल्यावर भुसभुशीत फुटला तर वाफसा आला. बोटांना चिकटली तर थांबा. गोळाच झाला नाही तर उशीर झाला, पुन्हा हलकं पाणी द्या.

३) खोदाई. ९ इंच ते एक फूट खोल. हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचा. रोटर मारून त्यांचे तुकडे केले तर एका गाठीच्या दहा होतात.

४) शेणखत. हेक्टरी २० टनांचं प्रमाण धरलं तर चौरस मीटरला २ किलो. अर्ध्या गुंठ्याला १०० किलो, म्हणजे १० किलोचं घमेलं धरलं तर १० घमेली. खत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर ऊब लागत नाही, शेणाचा वास येत नाही, मातीसारखं मोकळं होतं, तेच खत. कच्चं शेण टाकलं की वाळवी आणि हुमणी घरी आणलीच समजा. उसाच्या पट्ट्यात हुमणीचा त्रास नवा नाही. खत पसरण्याआधी ते चाळा. पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांपुढे टाका.

५) मळी जपून. साखर कारखान्याची ताजी मळी थेट वाफ्यात टाकू नये. ती कुजताना तापते आणि मुळं जळतात. शेणाबरोबर खड्ड्यात कुजवली की उत्तम खत होतं.

६) लोह कमी असेल तर. परीक्षणात लोहाची कमतरता आली तरच हेक्टरी २५ किलोच्या हिशेबाने गुंठ्याला पाव किलो हिराकस शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस मुरवा आणि मग जमिनीत द्या. नुसतं चुनखडीच्या मातीत टाकलं तर ते पिकाला लागत नाही.

७) वाफा कसा? भारी काळ्या जमिनीत सरी-वरंबा किंवा उंच गादीवाफा. हलक्या जमिनीत सपाट वाफा, म्हणजे पाणी मुरतं. वेलभाज्यांना फूटभर लांब-रुंद-खोल खड्डे घ्या. त्यात अर्धी माती, अर्धं शेणखत भरा. खड्डे आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या.

तारीख मागे मोजा

पेरणीचा मुहूर्त पंचांगात शोधण्यापेक्षा उन्हात शोधावा. दिवसाचं तापमान ३५ च्या पुढे टिकलं आणि रात्रीही उकडू लागलं की टोमॅटोची फुलं गळतात. काकडी, कारली, दोडका या वेलांवर अशा वेळी नरफुलं जास्त आणि मादीफुलं कमी लागतात. नरफुलाला फळ धरत नाही. भेंडी चिवट, पण ४२ अंशांपुढे तिचीही फुलं गळतात. गवार आणि माठ तेवढे उन्हाला दाद देत नाहीत.

उलट फार लवकरही चालत नाही. भेंडीचं बी माती थंड असताना उगवत नाही, नुसतं कुजतं. तिला २० अंशांच्या वर ऊब लागते. म्हणून संक्रांतीनंतर थंडीचा जोर ओसरला की सुरुवात करायची. "होळी जळाली, थंडी पळाली" म्हणतात खरं, पण होळीपर्यंत थांबलं तर उन्हाळी भाजीची वेळ निघून गेलेली असते.

एक उदाहरण पाहा. काकडी १ फेब्रुवारीला टोकली तर १० मार्चच्या सुमारास फुलावर येते. २० मार्चच्या आसपास तोडा सुरू होतो आणि एप्रिल अखेरपर्यंत चालतो. तीच काकडी १५ मार्चला टोकली तर फुलं २० एप्रिलनंतर, ऐन कडाक्यात येतात. बी तेच, माती तीच, पाणीही तेवढंच. फरक सहा आठवड्यांचा.

साधारण वेळापत्रक असं :

– डिसेंबर अखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा : वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं गादीवाफ्यावर टाकणे. जागा आखून खड्डे घेणे.
– संक्रांतीच्या आसपास : पाणी देणे, वाफशावर खोदाई, शेणखत मिसळणे.
– १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी : काकडी, दोडका, कारली, दुधी, चवळी. थंडी रेंगाळली तर जानेवारी अखेर सुरू करा.
– जानेवारी अखेर ते फेब्रुवारी अखेर : भेंडी, गवार.
– फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा : वांगी, मिरची, टोमॅटोची लागवड, तीही उन्हं कलल्यावर.
– फेब्रुवारी अखेरपर्यंत : मेथी, कोथिंबीर, पालक दर १०-१२ दिवसांनी थोडे थोडे. पुढे उन्हात ते लवकर दांडे धरतात.
– मार्चपासून पुढे : माठ, राजगिरा, चवळीची पालेभाजी.

तोड्याला लागणारे दिवस लक्षात ठेवले की कोणालाही मागे मोजता येतं. माठ आणि मेथी साधारण ३० दिवस. भेंडी, काकडी, गवार, चवळी ४५ ते ५५. दोडका, कारली, दुधी ५५ ते ६५. वांगी, टोमॅटो, मिरची लागवडीनंतर ६० ते ७५.

बी आणि टोकणी

कारलं, दोडका, दुधी यांची बियाणी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवली की लवकर उगवतात. पाकिटातलं बी गुलाबी-निळं दिसत असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे. ते भिजवू नका. टोकून झाल्यावर हात साबणाने धुवा. पोरांच्या हाती पाकीट देऊ नका.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, बस. भेंडीला दोन ओळींत एक फूट, दोन रोपांत अर्धा फूट. वेलांना दोन ओळींत दीड मीटर, दोन खड्ड्यांत एक मीटर. खड्ड्यात तीन बिया टोका, उगवल्यावर जोमदार दोन ठेवा.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे काकडीचे 'हिमांगी', कारल्याचे 'हिरकणी', दोडक्याचे 'फुले सुचेता' आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी हे सरळ वाण आहेत. सरळ वाणाचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. संकरित वाणाचं धरलं तर पुढची पिढी एकसारखी निघत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपूनच बीज बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवातही घरच्या वाफ्यांतूनच झाली होती. बी धरायचं असेल तर पहिल्या बहरातलं, निरोगी झाडाचं एक फळ खूण बांधून पिकू द्या.

उगवल्यानंतर काय सांभाळायचं?

*पाचट :* रोपं वीतभर झाली की दोन-तीन इंच पाचट पसरा. इथे पाचट जाळतात आणि परसबाग उन्हात तापते, हे बरं नाही. बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका, वाळवी लागते.

*पाणी सकाळी :* उजाडल्यावर पाणी द्या. रात्रभर ओलं राहिलेलं पान रोगाला बळी पडतं. दुसरं कारण याच भागातलं आहे. शिरूर तालुक्यात बिबट्याचा वावर आहे आणि ऊसतोड सुरू झाली की तो वस्तीकडे सरकतो. तिन्हीसांजेला लहान पोराला परसात पाणी घालायला पाठवू नका. बाग घराला खेटून आणि उजेडात ठेवा. उसाच्या फडाला चिकटून करू नका.

*तणनाशक :* शेजारच्या उसात २,४-डी फवारलं आणि वारा परसाकडे असला तर टोमॅटो, भेंडी, वेलभाज्यांची पानं आकसून दोरीसारखी होतात. लोक त्याला रोग समजून आणखी फवारतात. तणनाशकाचा पंप भाजीसाठी वापरूच नका, कितीही धुतला तरी. ज्या उसात तणनाशक मारलं आहे तिथली माती परसात आणून टाकू नका.

*केवडा भेंडीचा :* भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. उन्हाळा चढेल तशी माशी वाढते. वेळेवर पेरलेली भेंडी बरेच तोडे देऊन मोकळी होते. रोगट झाड दिसताच उपटून टाका. पिवळे चिकट सापळे लावा. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १० लिटरला अर्धा किलो निंबोळ्यांचा, संध्याकाळच्या आधी फवारा.

वेळ निघून गेली असेल तर?

मार्चचा पंधरवडा उलटला असेल तर काकडी-टोमॅटोच्या नादी लागू नका. गवार आणि माठ करा, तेही पाणी असेल तर. उरलेली जागा मोकळी सोडा, ओलवा आणि एप्रिल-मे मध्ये पातळ पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून कडा मातीने दाबा. चार ते सहा आठवडे तापलेल्या मातीतली तणाची बियाणी आणि बरीच रोगजंतू-कीड मरते. जूनमध्ये पाऊस पडला की तीच जागा पावसाळी भाजीला तयार असते.

थोडक्यात

– मे महिन्याचं पाणी मोजा, मग जागा आखा. चौरस मीटरला रोज ५ ते ७ लिटर.
– वाफशाची मूठ पाहिल्याशिवाय कुदळ लावू नका.
– चौरस मीटरला २ किलो कुजलेलं शेणखत. राख आणि कच्चं शेण नको.
– वेलभाज्या १५ फेब्रुवारीच्या आत, भेंडी-गवार फेब्रुवारी अखेरपर्यंत.
– कच्चं खायच्या भाजीला नदीचं पाणी नको.
– उसाच्या तणनाशकापासून बाग दूर ठेवा.

पहिल्या वर्षी दहा प्रकार करू नका. चार वेल, दोन ओळी भेंडी आणि एक वाफा पालेभाजी एवढंच करा. पेरलेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, पहिला तोडा कधी निघाला तेही लिहा. पुढच्या वर्षी आपल्याच परसाचं वेळापत्रक आपल्या हाती असेल.